ओल्या चोळीचा प्रश्न

आज ज्या विषयासंबंधी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत, तो सभेत सहसा निघत नाही. पाणीपुरवठा, रस्ते, पीककर्ज, शाळेच्या खोल्या हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या यादीत बाळंतिणीच्या चोळीवरील दुधाचा डाग कसा बसावयाचा, असे कोणालाही वाटेल. परंतु हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या मोठ्या गावात, जेथे सभोवार कापूस, तूर आणि सोयाबीनचे शिवार आहे, तेथे तान्ह्या मुलाच्या आईला घराबाहेर पडावेच लागते. कोणी वर्गावर उभी राहते, कोणी अंगणवाडी उघडते, कोणी वेचणीला जाते, तर कोणी ग्रामपंचायतीची सदस्या म्हणून सभेला बसते. या सर्वजणींना दिवसातून केव्हा तरी, काहीही पूर्वसूचना न मिळता, अंगावर ओल जाणवते. चोळी भिजते, पदर पुढे ओढला जातो आणि हातातील काम तेथेच थांबते. त्या ओलीविषयी कोणी बोलत नाही. बोलत नाही म्हणून उपाय कळत नाही. आणि उपाय कळत नाही म्हणून एक तर आईचे काम सुटते, नाही तर बाळाचे अंगावरचे दूध सुटते.

मराठीत 'पान्हा' हा फार जुना व फार नेमका शब्द आहे. शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. धारेला बसण्यापूर्वी गाईला वासरू लावावे लागते. वासराने दोनचार ढुसण्या दिल्या की सड भरून येतात आणि मग धार सुरू होते. अनोळखी माणूस धारेला बसला किंवा अंगावर कुत्रे धावून आले, तर तीच गाय पान्हा चोरते. दूध कासेत असते, पण उतरत नाही. वैद्यकशास्त्राने या अनुभवामागील कारण उलगडून दाखविले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात मिसळतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे स्तनातील दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जाऊन ते दूध पुढे ढकलले जाते. बाळ दूध ओढू लागले की हे घडते. पण तेवढ्यानेच घडते असे नाही. बाळाचे रडणे कानी पडले, त्याची नुसती आठवण झाली, त्याच्या दुपट्याचा वास आला, तरी पान्हा सुटू शकतो. शाळेच्या पटांगणात दुसऱ्याच कोणाचे मूल रडते आणि वर्गातील शिक्षिकेची चोळी ओली होते, त्यात नवल काहीच नाही. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध गळते, त्याचेही कारण हेच.

हे इच्छेने आवरता येत नाही, ही गोष्ट पुरुष कर्मचाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी. गळणारे दूध हा गबाळेपणा नव्हे, आजार नव्हे आणि स्वच्छतेचा अभावही नव्हे. उलट भीती, वेदना आणि अपमान यांनी मात्र पान्हा अडू शकतो. वरिष्ठांच्या कपाळावरील आठी पाहून घाबरलेल्या आईची स्थिती पुष्कळदा त्या पान्हा चोरणाऱ्या गाईसारखी होते. गाईच्या बाबतीत गोठ्यातील मंडळी जेवढी काळजी घेतात, तेवढी कचेरीत घेतली जातेच असे नाही.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती अधिक असते, कारण बाळाची गरज किती हे शरीर अजून शिकत असते. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला की ती कमी होते. बहुतेकींच्या बाबतीत सहा ते दहा आठवड्यांत हा फरक जाणवतो, तर काहींना पुढेही काही महिने हा त्रास राहतो. काहींना तो मुळीच होत नाही. येथे दोन उलटसुलट समजुती नडतात. ज्या आईचे दूध गळते तिला सांगितले जाते की, सगळे वाहून चालले, बाळाला काय उरणार? आणि जिचे गळत नाही तिला सांगितले जाते की, तुला दूधच नाही. दोन्ही म्हणणी निराधार आहेत आणि दोन्हींचा शेवट बाटलीत होतो. दूध पुरते की नाही हे चोळीवरून नव्हे, लंगोटावरून कळते. जन्मानंतर पाचसहा दिवसांनी बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला करीत असेल, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे वजन भरून काढून पुढे वाढत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेणे आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या सहा महिन्यांत वरचे पाणीही द्यावयाचे नाही, वैशाखातसुद्धा नाही.

आता उपायाकडे वळू. शहरांतील औषधांच्या दुकानांत चोळीच्या आत ठेवावयाची गोल पॅडे मिळतात, त्यांना 'नर्सिंग पॅड' म्हणतात. एकदा वापरून टाकून द्यावयाची आणि धुऊन पुन्हा वापरावयाची, अशी दोन प्रकारची ती असतात. पहिला प्रकार प्रवासात किंवा लग्नकार्यात सोयीचा आहे. मात्र तो रोज वापरणे खर्चाचे होते आणि त्याचा कचरा गावात टाकावयाचा कोठे, हाही प्रश्न उरतो. दुसरा प्रकार घरोघरी करता येण्याजोगा आहे. बाळाच्या लंगोटासाठी जुने धोतर फाडणाऱ्या आजीच्या हातून तो सहज तयार होईल. त्याला आपण सुती घडी म्हणू.

घडीचे साहित्य बहुतेक प्रत्येक घरात असते. पुष्कळदा धुऊन मऊ झालेले धोतर, मलमलीचा तुकडा, सुती लुगड्याचा जुना पदर, यांपैकी काहीही अंगालगतच्या थरासाठी उत्तम. कोरे कापड खळीमुळे ओल लवकर शोषीत नाही. ते घ्यावयाचेच असेल तर आधी दोनतीन वेळा धुऊन घ्यावे. आतील थरासाठी जुना टॉवेल किंवा फलालीन वापरावे. नायलॉन किंवा टेरिलीनसारख्या कृत्रिम धाग्याचे कापड मात्र टाळावे. चहाची बशी कापडावर पालथी घालून तिच्याभोवती पेन्सिल फिरवावी. पाच इंचांच्या आसपासचे ते वर्तुळ बहुतेकींना पुरते. वर आणि खाली मऊ कापडाचा एकेक थर, मध्ये टॉवेलचे दोन थर, अशी रचना करून कडेने बारीक शिलाई घालावी. कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देऊन तिच्या दोन्ही कडा किंचित एकमेकींवर घेऊन शिवल्या, तर सपाट चकतीला उथळ वाटीचा आकार येतो आणि ती जागची हलत नाही. शिवणयंत्र नसेल तर हाताने घातलेला धावदोराही चालतो. अशा सहा ते आठ जोड्या असाव्यात, कारण पावसाळ्यात त्या लवकर वाळत नाहीत.

प्लास्टिकचे अस्तर लावण्याचा मोह अनेकींना होतो. त्यामुळे चोळीवर डाग उमटत नाही हे खरे. पण ओल आत कोंडते, कातडी हुळहुळी होते आणि स्तनाग्राला चिरा पडतात. ऊब, ओल आणि दुधातील साखर एकत्र आली की बुरशीला आणखी काय हवे? वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत दुधात घामाची भर पडते, म्हणून घडी अधिक वेळा बदलावी लागते. नियम एवढाच की, ओली झाली की बदलावयाची. ती पूर्ण भिजेपर्यंत थांबावयाचे नाही. घडी अंगाला चिकटली असेल तर ओढून काढू नये. स्वच्छ पाण्याने भिजवून सैल करावी, म्हणजे कातडी सोलत नाही.

कापसाच्या या मुलखात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. वेचणीच्या वेळी हाताशी असलेला पांढराशुभ्र कापूस चोळीत ठेवावा असे सहज मनात येते. ते करू नये. त्यात पाल्याचा चुरा आणि धूळ असते, शिवाय फवारणीचे अंश असण्याचा संभव असतो, आणि ते सर्व बाळाच्या तोंडाशी जाते. दुकानातील औषधी कापूसही या कामाचा नाही, कारण त्याचे तंतू ओल्या कातडीला चिकटून बसतात. शेतातून आल्यावर हात व छाती धुऊन, कपडे बदलूनच बाळाला जवळ घ्यावे, हेही त्याच ओघात सांगितले पाहिजे.

घडी धुण्याचीही एक रीत आहे. दुधाचे कापड प्रथम थंड पाण्यात खळबळून घ्यावे. एकदम कढत पाणी ओतले तर दुधातील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात. दुधाच्या पातेल्याला धरलेली खरड ज्यांनी घासली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. त्यानंतर साबणाने धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही अशा बेताने स्वच्छ पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावे. अडचण येते ती या शेवटच्या पायरीवर. लाजेपोटी या घड्या दोरीवर लुगड्याखाली झाकून वाळत टाकल्या जातात. त्या आतून दमट राहतात आणि दमट घडी पुन्हा वापरात येते. मासिक पाळीच्या कापडाच्या बाबतीत जे घडते, तेच येथेही घडते. बाळाचे लंगोट उघड्यावर वाळतात, मग बाळाच्या दुधाची घडी उघड्यावर का वाळू नये, याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांनी द्यावयाचे आहे. सासूबाईंनी एकदा स्वतःच्या हाताने त्या दोरीवर टाकल्या, तर सुनेचा संकोच आपोआप संपेल.

घडीखेरीज दोनतीन साधने विनाखर्चाची आहेत. पान्हा सुटण्यापूर्वी पुष्कळ जणींना छातीत मुंग्या आल्यासारखे वाटते. त्याच क्षणी हाताची घडी घालून, तळहातांनी छाती काही सेकंद सरळ आत दाबून धरली तर गळती थांबते, आणि समोरच्या माणसाला ते कळतही नाही. मात्र पहिल्या काही आठवड्यांत हे वारंवार करू नये. छाती आवळून बांधणे, चोळी मुद्दाम घट्ट घालणे किंवा दूध कमी व्हावे म्हणून बाळाला पाजण्याचे टाळणे, हे उपाय तर अजिबात करू नयेत. त्यांनी दूध तुंबते आणि गाठी होतात. एखादी जागा लाल होऊन दुखू लागली आणि ताप आला, तर त्या बाजूने पाजणे बंद न करता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. स्तनाग्राची सतत आग होत असेल आणि बाळाच्या जिभेवर पुसून न जाणारे पांढरे थर दिसत असतील, तर ती बुरशी असण्याचा संभव असतो. अशा वेळी आई व बाळ या दोघांनाही उपचार लागतात. एकालाच औषध दिले तर ती पुन्हा परतते.

येथवर जे सांगितले ते आईने व घराने करावयाचे. पुढचा भाग आपल्या सर्वांच्या खात्यावर आहे.

रायगडाच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात न ऐकलेला माणूस विरळा. दूध घालावयास गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, अशी ती आख्यायिका. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या कथेत दरवाजाही आहे. ठरल्या वेळी तो बंद होतो, आणि आत अडकलेल्या बाईचे मूल किती वेळचे उपाशी आहे, हे विचारण्याची सोय त्या नियमात नाही. राज्यात एस. टी. स्थानकांवर आणि शासकीय कार्यालयांत स्तनदा मातांसाठी जे कक्ष उघडण्यात आले, त्यांना हिरकणीचेच नाव देण्यात आले. नाव समर्पक आहे. मात्र पाटी बाहेर, कुलूप दारावर आणि किल्ली जेवावयास गेलेल्या शिपायाच्या खिशात, असा प्रकार झाला तर तो कक्ष म्हणजे दुसरा बंद दरवाजाच ठरतो. कक्षाला मोठी जागा लागत नाही. आतून लागणारी कडी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाण्याची बादली, ओली घडी ठेवण्यास खुंटी आणि झाकणाचा डबा, एवढे असले की पुरे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दप्तराच्या कपाटामागे पडदा लावूनही ते करता येईल.

कायद्याने या बाबतीत पूर्वीच पाऊल उचलले आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजेची मुदत पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवण्यात आल्या. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, असे म्हटले होते. पण दुसऱ्याच्या शेतात रोजाने कापूस वेचणाऱ्या बाईला यातील काय मिळाले? तिची मजुरी वजनावर ठरते. पाजण्यात गेलेला प्रत्येक अर्धा तास तिच्या ओट्यातून वजा होतो. तिच्यासाठी कायद्याचे कलम धुऱ्यापर्यंत पोहोचलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे शेतमालकाच्या समजुतीचा आणि पंचायतीच्या शब्दाचाच काय तो आधार. बाळाला धुऱ्यावरील झाडाला झोळी बांधण्यास मोकळीक आणि दुपारी पाजण्यास निश्चित वेळ, एवढे ठरले तरी तिला दिवसभर भिजलेल्या चोळीने वाकून राहावे लागणार नाही.

ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०११ मध्ये घेतला. तेव्हापासून तान्ह्या मुलांच्या आया मोठ्या संख्येने सदस्य व सरपंच म्हणून सभेत येऊ लागल्या. सभा तीन तास चालली आणि मध्ये विराम नसला, तर अशा सदस्येने काय करावे? ती एक तर येत नाही, किंवा तिच्याऐवजी तिचे यजमान येऊन बसतात. या दुसऱ्या प्रकाराविषयी तक्रारी पुष्कळ होतात. तो सुरू होण्याच्या अनेक कारणांत ओली चोळी हेही एक असू शकते, इकडे मात्र लक्ष जात नाही. विषयपत्रिकेत दीड तासाने पंधरा मिनिटांचा विराम लिहून ठेवण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. मुख्याध्यापकांनाही वेळापत्रक आखताना असेच करता येईल. शिक्षिका रजेवरून परतते तेव्हा पहिल्या सत्रात तिच्या लागोपाठच्या तासिकांमध्ये एक मोकळी तासिका ठेवावी. तिला बाळाकडे जाता आले तर उत्तमच. ते शक्य नसेल तर त्या वेळात हाताने दूध काढून स्वच्छ, उकळलेल्या, झाकणाच्या भांड्यात ठेवता येते. साधारण २५ अंश तापमानात ते चार तास चांगले राहते. आपल्याकडील उन्हाळ्यात एवढ्या अवधीचा भरवसा धरू नये. शीतपेटी असेल तर ते एक दिवस सुखाने टिकते. वेळेवर दूध काढले की छाती ताठरत नाही आणि गळतीही निम्म्याने तरी हलकी वाटते. घडीत जिरलेले दूध मात्र वायाच गेले असे समजावे. ते पिळून वापरावयाचे नसते.

हिंगणघाटचा कापूस एके काळी मुंबईच्या बाजारात आपल्या गावाच्या नावाने विकला जात असे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले, १९३८ मध्ये वर्ध्यास मगन संग्रहालय उभे राहिले आणि चरखा व खादी या जिल्ह्याच्या ओळखीचा भाग झाली. त्याच जिल्ह्यातील आईने चार थरांच्या सुती चकतीसाठी शहराकडे पाहावे, हे काहीसे विचित्र वाटते. बचत गटाकडे दोन शिवणयंत्रे असली तरी हे काम सुरू होऊ शकते. मऊ खादीचे किंवा मलमलीचे कापड घेऊन, धुऊन, सहा जोड्यांचा एक संच आणि ओल्या घड्यांसाठी एक छोटी पिशवी, असे ते वाण असावे. बाळंतविड्यात झबली, टोपरी, कुंची येतात आणि ती सारी बाळासाठी असतात. त्यात आईसाठी हा एक संच बसविण्यास हरकत नसावी. शाळेतील शिवणकामाच्या तासाला रुमालाऐवजी एकदा ही घडी शिवून घेतली, तर मोठ्या मुलींच्या कानावर हा विषय योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून पडेल.

हे सारे आईपर्यंत न्यावयाचे कोणी, असा प्रश्न निघेल. त्यासाठी नवी योजना नको. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळंतिणीच्या घरी आशा कार्यकर्ती ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी जाते. दूध भरून येऊन गळती सुरू होण्याचा काळ यांतील पहिल्या दोन भेटींच्या आसपासचाच असतो. तिच्या पिशवीत तापमापक आणि वजनाचा झोळीकाटा असतो. त्यांच्या शेजारी नमुन्याची एक शिवलेली घडी ठेवावी. सातव्या दिवशी बाळाचे वजन करून झाले की ती आईच्या हातात द्यावी, घरातील जुने धोतर मागवून घ्यावे आणि सासूबाईंसमोरच बशी पालथी घालून पहिले वर्तुळ आखावे.